अर्धी बकरी माझी

धान कापून झालं की आमच्या भागात जनावरं मोकळी सुटतात. चार महिने ज्यांना काठी दाखवून हाकललं, त्यांनाच शेतं खुली होतात. बांधावरच्या तुरीला काटे लावायचे, बाकी सगळं रान गाईचं, बैलाचं, बकरीचं. या दिवसांना इथं अगहन म्हणतात, म्हणजे आपला मार्गशीर्ष. मी भिलाईत राहते, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, आणि माझ्या खिडकीतून एकही शेत दिसत नाही. तरी मला अगहन कळतो. पेंढ्यानं भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं जातात आणि बाभळीला, विजेच्या खांबाला, भिंतींच्या कोपऱ्यांना थोडा थोडा पेंढा ठेवून जातात. सकाळी धुकं कुठलं आणि प्लँटचा धूर कुठला ते ओळखू येत नाही. पहिल्या शिफ्टच्या स्कूटरी दिवे लावून जातात, आणि मी फाटकाकडे बघत चहा पिते.

मी केवराची वाट पाहत असते. केवरा रसमड्याजवळच्या गावात राहते, एकटी, पंचावन्नच्या पुढची. दोन बस बदलून ती येते. पिशवीत लाखोळीची कोवळी भाजी असते, जिला ती तिवरा म्हणते. ती फाटकातूनच बातमी देते, आत येण्याचा धीर नसतो तिला. यंदाही आली आणि म्हणाली, “नोनी, कबरी हर दू ठन पीला दिस.” कबरी बकरीनं दोन पिल्लं दिली. नोनी म्हणजे पोरगी. माझं वय चाळिशीला टेकलंय, घरात दहावीतली मुलगी आहे, पण केवरासाठी मी नोनीच.

समोरच्या काकू तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या. केवरा गेल्यावर त्या कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, “दोघांचा पगार घरात येऊन राहिला, अन् त्या गरिबाच्या बकऱ्यांत तू वाटा कावून घेतं व?” मी म्हटलं, “घेते. अर्धा घेते. प्रत्येक बकरीत.” काकूंचं तोंड असं झालं की जणू मी देवळातली घंटा काढून आणली. लोभी म्हणतात मला कॉलनीत, मला ठाऊक आहे. भाऊ म्हणतो, आत्या म्हणते, शाळेतल्या मैत्रिणी हसत हसत म्हणतात. म्हणा बापा. मी ऐकून घेते आणि वाटा सोडत नाही. हा नन्ना मला आईकडून मिळाला, आणि तिला तो एका अगहनात शिकावा लागला, तिच्या स्वतःच्या चुकीतून.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. मूळचे आम्ही नागपूरकडचे, पण माझा जन्म दुर्ग लाइनीवरचा आणि शाळाही तिथलीच. रसमड्याला लाइनीला लागून क्वार्टर होतं, एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं हातभर अंगण. पलीकडे कारखाने. त्यांची काळी धूळ झाडांवर बसायची, दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, आणि पाला खाऊन बकऱ्या परतायच्या तेव्हा त्यांची तोंडं काळी झालेली असायची. मालगाडी आली की भांडी मांडणीवर वाजायची. आई बोलता बोलता थांबायची, गाडी जाऊ द्यायची आणि तिथूनच पुढं बोलायची. अर्ध्या वाक्यावर थांबून ते वाक्य न विसरणं ही लाइनीवरच्या बायकांची खास विद्या आहे.

दादा लहानपणी फार आजारी पडायचा. कोणी सांगितलं बकरीचं दूध द्या, म्हणून आईनं एक बकरी घेतली, कबऱ्या रंगाची, कान लांब. दादा बरा झाला, बकरी राहिली. मग क्वार्टर तपासायला एक साहेब आले आणि अंगणात लेंड्या पाहून म्हणाले की जनावर इथं चालणार नाही. आईला ती विकवत नव्हती. तेव्हा केवरा आमच्या दारावर भाजी विकायला यायची. तरणी होती, नवरा तापानं जाऊन वर्ष झालं होतं, कडेला तीन वर्षांची सुखबती. तिनं बकरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “अधिया में दे दे, बाई.”

केवरा छत्तीसगढीत बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही. म्हणून केवराचं बोलणं मी इथं आपल्याच बोलीत लिहिते, मला ते तसंच ऐकू येतं. अधिया शब्द आईला नवा होता, पण रीत कळायला तिला वेळ लागला नाही. “आमच्या गावाकडं बटई म्हणतात याले,” ती म्हणाली. बकरी आईची, सांभाळणं केवराचं. दूध केवराचं, लेंड्यांचं खत केवराचं. पिल्लं होतील ती निम्मी निम्मी. बकरी मेली तर कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. कागद नाही, अंगठा नाही. फक्त दिवसाउजेडी, चार माणसांपुढं द्यायची. आई लाइन ओलांडून गावात गेली, हातपंपापाशी बायका पाणी भरत होत्या, तिथं तिनं बकरीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, वर चार तांदूळ टाकले आणि दावं केवराच्या हातात दिलं. मी पाहिलंय. बकरीनं तांदूळ झटकून टाकले आणि पंपाखालचं पाणी प्यायला गेली.

मग अगहनांमागून अगहन गेले. धान कापल्यावर आम्ही केवराकडे जायचो, बकऱ्या पाहायला. जाताना धसकटं पायाला टोचायची, जमिनीतून ओला, थोडा आंबट वास यायचा, आणि दूरवर केवराच्या बकऱ्या पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांसारख्या पांगलेल्या दिसायच्या. ती हाक मारायची, “अर्र, अर्र,” आणि त्या मान वर करायच्या. करडाचा कान हातात घेतला की तो इतका गरम आणि पातळ लागायचा की मी दचकायची. केवरा चहा द्यायची, त्यात बकरीचं दूध टाकायची, त्याचा वास मला आवडायचा नाही आणि आई डोळे वटारायची म्हणून मी प्यायची. एका बोकडातून केवराच्या घरावर नवी कौलं चढली. एकातून सुखबतीची शाळा सुरू झाली. मधे एखादी बकरी कुत्र्यांनी नेली, एखादी फुगून मेली. दुःख दोघींनी केलं, हिशेब कोणीच विचारला नाही.

एक गोष्ट मात्र आईला खटकायची. केवरा वाटणी करत नसे. आई म्हणायची, “ही तुही, ही माही, असं ठरवून घेऊ नं एकदा.” केवरा म्हणायची, “बघू, पाऊस जाऊ दे.” पाऊस जायचा. मग म्हणायची, “धान होऊ दे.” धान व्हायचं. मग बकरी गाभण असायची, किंवा पिल्लू दूध पीत असायचं, किंवा दिवस चांगला नसायचा. अशा करून पाच बकऱ्या झाल्या आणि पाचही दोघींच्या राहिल्या. आईला वाटलं, बिचारीला वाटा द्यायला जड जातं, तोंडानं म्हणवत नाही. आई मायाळू बाई होती. मायाळू माणसाला दुसऱ्याचं दुःख ओळखायची इतकी घाई असते की तो विचारत नाही.

इथं थांबून एक सांगते. मागच्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या मंडळानं ठरवलं की गावातल्या गरजू बायकांना बकऱ्या वाटायच्या. मला बोलावलं, कारण मला बकऱ्यांतलं कळतं अशी माझी कीर्ती. फुकट द्यायच्या होत्या, हार घालून, फोटो काढून. मी म्हटलं, “अधियानं द्या. आपला वाटा ठेवा, दर हंगामाला जाऊन पाहा.” त्यांना वाटलं मी थट्टा करून राहिले. एक बाई म्हणाली, “गरिबाकडून परत घ्यायचं? शोभतं का आपल्याला?” मी म्हटलं, “देणं शोभतं, मग विचारपूस करणं कावून नाही शोभत?” मला नंतरच्या बैठकीला बोलावलं नाही. बकऱ्या वाटल्या. फोटो छान आले. त्या बायकांची नावं आज मंडळात कोणाला सांगता येतील का, मी विचारलं, तर विषय हळदीकुंकवाकडे वळला. दया करणारा माणूस एकदा येतो. वाटेकरी दर अगहनात येतो, कारण त्याचं तिथं काहीतरी असतं.

तर तो अगहन. मी बारावीत होते, सुखबती आठवीत. बाबांना बढती मिळाली होती, आई खुशीत होती, आणि खुशीत असलेली आई धोक्याची. आम्ही केवराकडे गेलो तर हातपंपापाशीच ती भेटली, नेहमीप्रमाणे सात-आठ बायका, दोन म्हातारे, बाकी पोरंटोरं. आई केवराच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “केवरा, माहा वाटा मी सोडला. पाचही तुह्या. मले काही नको.” बायकांनी आईला धन्य म्हटलं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. आईचा चेहरा उजळला होता. केवराचा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटलं ती आनंदानं गप्प झाली. मी सतरा वर्षांची होते, मला काय कळतं.

आठवडा झाला नाही तो केवरा आमच्या दारात. सकाळची वेळ, आई कणीक मळत होती. केवरा उंबऱ्यात बसली आणि आईकडे अशी पाहत राहिली की आई मळायची थांबली. बकऱ्या बिसाहूनं नेल्या होत्या. बिसाहू तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यानं त्या आपल्या अंगणात बांधल्या, सोमवारच्या बाजारात विकणार होता. आणि वीटभट्टीवर माणसं नेणाऱ्या सरदाराला तो चार हात कबूल करून बसला होता, स्वतः, बायको, केवरा आणि सुखबती. धान झालं की इथली कितीतरी घरं कमवायला-खायला दूर भट्ट्यांवर जातात, जेठात, म्हणजे ज्येष्ठात, परत येतात. सुखबतीची शाळा म्हणजे संपलीच. आणि सहा महिने बंद राहिलेल्या विधवेच्या घरात परतल्यावर कोण राहत असेल, हे सांगायला नको.

“तू मले दिलं कावून?” केवरा म्हणाली.

आई गोंधळली. म्हणाली, “अगं, तुह्या भल्यासाठी दिलं.”

“चार जणांपुढं दिलं. आता त्या माह्या झाल्या. अन् माह्या म्हणजे कोणाच्या? माह्या घरात माहं काय हाय, बाई? छप्पर नवऱ्याचं होतं, आता भासऱ्याचं म्हणतात. मी मजुरी आणते तेही घरचं म्हणतात. तुहा अर्धा होता तोवर कोणी दाव्याले हात लावत नव्हतं. परक्याचं जनावर, कोण हात लावीन? तू मोठेपणा केला अन् मले उघडं पाडलं.”

आईच्या हातावरची कणीक वाळत चालली होती. तिनं हळूच विचारलं, “म्हणून तू वाटणी टाळून राहिली होती?”

“टाळत होती. वाटलं असतं तर माह्या वाट्याच्या केव्हाच गेल्या असत्या. न वाटल्या म्हणून पाचही राहिल्या.”

मला आजही तो क्षण आठवला की राग येतो. केवराचा नाही, आमचा. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आम्ही तिला सांभाळून राहिलो. ती बाई लिहिणं-वाचणं न येता असा बंदोबस्त करून बसली होती की तिच्या गोठ्यातली एकही शेपटी पूर्ण तिची नाही, म्हणून एकही कोणाला नेता येत नाही. आणि आम्ही तो बंदोबस्त लोकांकडून हात जोडून घेत मोडून टाकला. आई मात्र रडली बिडली नाही. तिनं हात धुतले.

“तू बोलली का त्याले काही?” आईनं विचारलं. केवरानं मान हलवली. बोलणार कशी? तिकडे सून भासऱ्यापुढं डोकं उघडं ठेवत नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही, त्याची सावली अंगावर पडू देत नाही. बिसाहू अंगणातून बकऱ्या सोडून नेत होता आणि ती दाराआड पदर ओढून उभी होती. तोंड असून मुकी. आईनं हे ऐकलं आणि म्हणाली, “ठीक हाय. सोमवारी मी येते बाजारात.”

बाबांनी जेवताना कुरकुर केली. “कावून लफड्यात पडून राहिली? सगळ्यांपुढं सोडलं म्हणालीस, आता परत मागशीन? उद्या स्टेशनवर लोक मले विचारतील.”

आई म्हणाली, “सांगा, बायको लोभी हाय म्हणून. पोळी घ्या.”

मी जायला तयार नव्हते. आई म्हणाली, “चाल. एकटी उभी राहीन तर लोक पागल समजतील. दोघी राहिलो तर गाऱ्हाणं समजतील.” तिनं रोजचीच साडी नेसली, छत्री घेतली, डब्यात पोळी आणि तिळाची चटणी बांधली. कोणी लग्नाला जातानाही करणार नाही इतक्या शांतपणे तिनं भांडणाची तयारी केली.

अगहनातला बाजार भरगच्च असतो, लोकांच्या घरात नवं धान आलेलं असतं. मुरमुऱ्यांचे ढीग, गुळाच्या भेल्यांवर माशा, तळणाचा वास, लाखेच्या बांगड्या. जनावरांचा बाजार एका बाजूला, चिंचेखाली. बिसाहू पाच बकऱ्या धरून उभा होता, उंच, हडकुळा, डोक्याला गमछा. केवरा बकऱ्यांच्या पलीकडे, त्याच्याकडे पाठ करून, पदर नाकापर्यंत. आई जाऊन बकऱ्यांच्या अगदी मधे उभी राहिली. पहिल्या कबरीच्या लेकीनं तिच्या पदराचं टोक चावायला घेतलं, आईनं ते सोडवलं नाही.

पहिला व्यापारी आला. त्यानं बकरीचं तोंड उघडून दात पाहिले, पाठीचा मणका चाचपला, मागून उचलून वजनाचा अंदाज घेतला. मग बिसाहूकडे पाहून तोंड उघडणार तोच आई हिंदीत म्हणाली, “अधिया की है. आधी मेरी है. मैंने नहीं बेची.” व्यापाऱ्यानं लुंगीला हात पुसला आणि पुढच्या कळपाकडे गेला. अधियाचं जनावर दोन्ही धन्यांनी हो म्हटल्याशिवाय कोणी घेत नाही. उद्या तक्रार झाली तर गावच्या बैठकीत घेणाऱ्यालाच बोलावतात, आणि दहा गावांत नाव खराब होतं. सगळ्यांना हे माहीत असतं, पाटी लावावी लागत नाही.

बिसाहू आवाज चढवून म्हणाला, “बाई, तूच पंपापाशी सगळ्यांपुढं सोडल्या म्हणाली का नाही?”

“म्हणाली,” आई म्हणाली. “चुकलं माहं. आता परत घेते.”

“दान दिलेलं परत घेते? लाज नाही वाटत?”

“वाटते नं. घरी ठेवून आली.”

आजूबाजूचे हसले. मी नाही हसले. माझ्या वर्गातल्या दोन मुली मुरमुरे घेऊन तिथूनच जात होत्या, त्या थांबून पाहायला लागल्या आणि मला वाटलं चिंचेच्या बुंध्यात शिरावं. पंपापाशी आईला धन्य म्हणणारी बाई आली आणि थुंकल्यासारखं करून गेली. आई ऊन फिरेल तशी छत्री फिरवत उभी. दुसरा व्यापारी चतुर होता, म्हणाला, तुमचा वाटा मी तुम्हाला वेगळा देतो. “नहीं बेचना,” आई म्हणाली. तिसरा आला. चौथा लांबूनच वळला, त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दुपारी आम्ही उभ्यानंच पोळी खाल्ली. आईनं एक पोळी केवराला दिली आणि एक बिसाहूपुढं धरली. त्यानं तोंड फिरवलं. आईनं ती बकरीला घातली.

बिसाहू काही राक्षस नव्हता, हेही लिहायला पाहिजे. त्याचे तळवे फाटलेले होते, डोळ्याखाली काळं होतं, सरदाराला दिलेला शब्द त्याच्या मानेवर बसला होता. पण थकलेला माणूस ज्याचं कोणी विचारणारं नाही त्याच्यावरच हात टाकतो, आणि केवराचं विचारणारं कोणी आहे का, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता. उतरत्या उन्हात बाजार उठायला लागला. व्यापाऱ्यांच्या गाड्या भरल्या. बिसाहूनं पाचही दावी जमिनीवर टाकली आणि कोणाकडे न पाहता निघून गेला. केवरानं ती उचलली. आईचे पाय तोवर सुजले होते, ती तिथंच गुळाच्या रिकाम्या टोपलीवर बसली आणि मला म्हणाली, “नंदे, चप्पल कुठं गेली पाह्य माही.”

दोन दिवसांनी भट्टीवाल्यांचा ट्रक गावातून गेला. बिसाहू आणि त्याची बायको गेले. केवरा आणि सुखबती नाही गेल्या. त्या अगहनात गाव निम्मं रिकामं झालं होतं, आणि रिकाम्या शेतांतून पाच बकऱ्या चरत होत्या. सुखबती झाडाखाली पुस्तक घेऊन बसायची आणि बकऱ्या दूर गेल्या की पुस्तकाच्या आडूनच ओरडायची. आज ती सासरी आहे आणि तिथली मितानिन आहे, घरोघर जाऊन औषधं देते, बाळंतिणींना दवाखान्यात नेते. मला फोनवर हिंदीत रागावते की माझं ब्लडप्रेशर मी वेळेवर तपासत नाही.

मला कोणी विचारतं, एवढ्यानं काय होतं? गरिबी जाते का एका बकरीनं? नाही जात. सरकार आहे, योजना आहेत, राशन आहे, मी कशालाच नाही म्हणत नाही. पण योजनेच्या अर्जात एक रकाना असतो, जनावर कोणाचं, आणि त्यात एकच नाव लिहायला जागा असते. केवराला दोन नावं हवी होती. तिला वाटेकरीण हवी होती, जिचं नुकसान तिच्या नुकसानाबरोबर होईल, जी स्वतःच्या अर्ध्यासाठी तरी भर बाजारात उभी राहील. उपकार करणारी नको होती. आईला हे कळल्यावर तिनं पुन्हा कधी मोठेपणा केला नाही. वाटा सोडला नाही आणि वाटणी मागितलीही नाही. बाबा निवृत्त झाले, वारले, ती माझ्याकडे भिलाईला आली, तरी अगहन आला की बसनं रसमड्याला जायची आणि बकऱ्यांची तोंडं उघडून पाहायची, जणू उद्याच बाजार आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. तेरवी माझ्याच क्वार्टरमध्ये झाली. दादा पुण्याहून आला होता, आत्या नागपूरहून, कॉलनीतली माणसं होती. केवरा आली ती बिसाहूच्या थोरल्या मुलाच्या मोटरसायकलवर. बिसाहू आता नाही, घरातला कर्ता हाच. गोड बोलणारा, हातात मोठा फोन. पंगतीत तो दादाच्या शेजारी बसला आणि जेवता जेवता सांगायला लागला की काकी आता थकली, नऊ बकऱ्या तिच्यानं होत नाहीत, ती आमच्यातच राहील, तिला कशाची काळजी. केवरा समोरच्या ओळीत होती. तिचं ताट वाढलेलं होतं आणि तिनं भाताला हात लावला नव्हता.

दादा चांगला आहे. आईवर गेलाय, त्या अगहनाच्या आधीच्या आईवर. त्याचे डोळे भरून आले होते. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “केवरा मावशी, आता आईच नाही राहिली. आमचा कसला वाटा नि काय? त्या बकऱ्या आजपासून सगळ्या…”

त्या मुलानं ताटातून मान वर केली. केवरा माझ्याकडे पाहत होती, दादाकडे नाही. ती पुतण्याला काही बोलली असती तर ते त्यांच्या घरातलं भांडण झालं असतं. बोलायला बाहेरची वाटेकरीण पाहिजे, आणि ती आता फोटोत होती, हार घातलेली. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं.

“थांब दादा,” मी म्हटलं. “आईचा वाटा माहा हाय. अर्धा. नऊच्या नऊंत. मी सोडला नाही अन् सोडणार नाही.”

आत्या म्हणाली, “काय व पोरी. माय जाऊन तेरा दिवस झाले अन् तुले बकऱ्या सुचून राहिल्या.” दादा माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी त्याची बहीणच नाही. समोरच्या काकूंनी नवऱ्याला कोपर मारलं. मी त्या मुलाला हिंदीत सांगितलं, सगळ्यांदेखत, की अगहनात मी स्वतः येईन आणि नऊच्या नऊ मोजून पाहीन, आणि एखादी बाजारात दिसली तर मीही तिथं दिसेन. त्यानं फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाला, “नहीं दीदी, कोई बात नहीं.”

केवरानं पदर खोचला, भातात खळगं केलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

“वाढ,” ती म्हणाली. “भूक लागली.”